पेज विकत मिळत नाही

कर्जत स्टेशनात पुण्याकडे जाणारी गाडी थांबली की डब्यांतून माणसं भराभर खाली उतरतात. घाट चढायला मागून जादा इंजिन लागेपर्यंत त्यांना थोडी उसंत मिळते. तेवढ्यात कपभर चहा घशाखाली ओतायचा, पुडीतली भजी तोंडात कोंबायची, बोटं धोतराला पुसायची आणि शिटी झाली की पळत जाऊन डब्यात चढायचं. त्यांतला एखादा पुढे कधी भेटला की मोठ्या ऐटीत सांगतो, "तुमच्या कर्जतला आम्ही खाल्लंय बरं का!" मी वरवर हसतो. मनात म्हणतो, बाबा रे, तू स्टेशनात खाल्लंस. कर्जतनं तुझं तोंडही पाहिलेलं नाही.

सध्या मार्गशीर्ष चालू आहे. खळी उरकली आहेत, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या आहेत आणि सकाळी कुठल्याही वाडीवरून चालत गेलं की नवा तांदूळ शिजल्याचा वास येतो. हा वास आला की माझी मान आपोआप ताठ होते. बायको म्हणते, "आला यांचा महिना. आता कुणी भेटलं की धरून बसवतील आणि जेवणावर व्याख्यान देतील." ती म्हणते ते खरं आहे. परवाच पुण्याचे एक स्नेही येऊन गेले. त्यांनी सहज विचारलं, "तुमच्याकडे यावं तर काय खावं, काय प्यावं?" सहज विचारलेल्या प्रश्नाला मी सहज उत्तर देणारा माणूस नाही. त्यांची दुपारची गाडी चुकली, संध्याकाळची पण चुकता चुकता राहिली.

मी त्यांना सांगितलं, खायला यायचं तर आधी पौषात या. नेरळजवळ पोशीरला माझी मावसबहीण दिली आहे, तिच्या शेतात पोपटी लावतात. वालाच्या कोवळ्या शेंगा, मीठ, ओवा. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, मधे शेंगा, तोंडाशी पुन्हा पाला दाबून बसवायचा आणि मडकं शेतातच पालथं घालून वर पेंढा-गवऱ्यांचा जाळ करायचा. आत पाण्याचा थेंब घालायचा नाही. शिजलं की नाही ते कळायला झाकण काढून बघायची सोय नसते. तापल्या मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारायचे, चर्र करून जागच्या जागी सुकले की समजायचं, झालं. मग त्या काळ्या मडक्याभोवती बसून शेंगा सोलत खायच्या. बोटं भाजतात, ती भाजलीच पाहिजेत. गार पोपटी खाणाऱ्याला आमच्याकडे पाहुणा म्हणत नाहीत.

बोंबील आणि सुकट घ्यायची ती खालापूरच्या बाजारात. पेण-पनवेलकडून टोपल्या येतात, त्यांतला बोंबील हातात घेऊन वाकवून बघायचा, कडकन मोडला तर पिशवीत टाकायचा. मध डोंगरातल्या ठाकरांकडून घ्यावा, पण त्यांच्याशी घासाघीस करू नये. कड्यावर लोंबकळून आणलेल्या वस्तूचा भाव खाली उभ्या माणसानं पाडायचा नसतो. वालाचं बिरडं कुणाच्याही घरी मिळालं तर नाही म्हणू नये. ताडी प्यायची असेल तर सूर्य उगवायच्या आत आणि मला न विचारता प्यावी. एवढं सांगून झाल्यावर मी थांबलो, कारण खरं सांगायचं ते पुढेच होतं.

स्नेही म्हणाले, "आणि पेज? तुमच्याकडे पेज फार चांगली मिळते म्हणतात. कुठल्या हॉटेलात?"

मी दोन्ही हात कपाळाला लावले. पेज हॉटेलात! अहो, पेज विकत मिळत नाही. आमच्या तालुक्यात तुम्हाला जमीन विकत मिळेल, बैल मिळेल, पेज नाही. सकाळी दारावरून जाणाऱ्या माणसाला "ये रं, पेज घे" म्हणायचं आणि त्यानं ओट्यावर बसायचं, एवढाच तिचा व्यवहार. पेजेला भाव लावला असं कुणाच्या घराबद्दल कळलं तर त्या घरात मुलगी देताना लोक विचार करतील. पुण्याच्या माणसाला हे पटेना, तेव्हा मी त्यांना भिवपुरीचं वीजघर बांधायला निघालं त्या हिवाळ्याची हकीकत सांगितली. ती सांगताना माझा आवाज इतका चढला की शेजारी डोकावून गेला.

आमचं घर पेज नदीच्या काठी, भिवपुरीच्या वाटेवर. होय, नदीचं नावही पेजच. आमच्या वाडीत नदी पेज आणि जेवण पेज, आणि त्यांत कधी कुणाचा घोटाळा झाला नव्हता. "पेजेवर जातो" म्हटलं की नदी, "पेजेला बसतो" म्हटलं की ओटा. एवढं तर रांगतं पोरही जाणायचं.

त्या सालचं भात फार सुंदर आलं होतं. आमच्या घरी जाडा लाल तांदूळ व्हायचा. त्याच्या कण्या आई वेगळ्या पाखडून ठेवायची आणि पहाटे मोठ्या टोपात शिजत लावायची. मला अजून तो आवाज आठवतो, आधी पाण्याची सळसळ, मग दाणा फुटायला लागला की जड, सावकाश बुडबुडे. सगळ्या घरात गोडूस वाफ भरायची. चुलीत एक कांदा आणि दोन बोंबील पडलेले असायचे. आई ओगराळ्यानं पेज वर उचलून पुन्हा टोपात सोडायची आणि तिची धार बघून ठरवायची की आता उतरवायची. मग मीठ टाकून पहिलं वाटगं भरून ती स्वतः घ्यायची. घरच्या पुरुषांच्या आधी. या एका बाबतीत ती वडिलांचंही ऐकत नसे. "बिघडली तं मला कलू दे पयली," असं कारण सांगायची. माझ्या आठवणीत ती कधीच बिघडलेली नाही, आणि आईनं पहिलं वाटगं कधी सोडलेलं नाही.

आई म्हणजे उंच, हाडापेरानं भक्कम, आवाज नदीपलीकडे जाईल असा. मी तेव्हा नुकता कर्जतला भाताच्या एका व्यापाऱ्याकडे कारकुनीला लागलो होतो आणि स्टेशनातला चहा प्यायला शिकलो होतो. आई चहाला करपलेलं पाणी म्हणायची. माझ्या भावाची बायको, पारूवहिनी, घाटावरची. भाऊ भाताचे गाडे घेऊन जुन्नरकडे जायचा, तिकडेच सोयरीक जुळली. बाजरीच्या मुलखातली मुलगी, तिला तांदळाची भाकरी जमेना. बाजरीच्या सवयीनं ती कोरड्या पिठात पाणी घालून थापायला बसायची. आमच्याकडे आधी पिठाची उकड काढावी लागते. तव्यावर पडेपर्यंत भाकरीचे चार तुकडे व्हायचे. पण पेज तिला पहिल्या दिवसापासून आवडली, म्हणून आईनं बाकी सगळं माफ केलं होतं.

त्या हिवाळ्यात वीजघराच्या कामाला माणसं आली. डोंगराच्या पायथ्याशी झोपड्यांची रांग उभी राहिली. दगड फोडणारे, घडवणारे बहुतेक घाटावरचे. त्यांचा मुकादम दगडू नावाचा. दगड फोडणाऱ्याचं नाव दगडू, यावर आमच्या वाडीनं दोन दिवस हसून घेतलं. माणूस रुबाबदार होता, मिशा पिळलेल्या, फेटा तुऱ्यासकट. एके सकाळी तो आपल्या गड्यांना घेऊन आमच्या दारावरून चालला होता. त्यानं पाणी मागितलं. आईनं रिवाजाप्रमाणे पाण्याऐवजी वाटगंभर पेज पुढे केली.

"ये रं, बस. वाईच घे."

दगडूनं वाटग्यात बघितलं, नाकाशी नेलं आणि गड्यांकडे वळून म्हणाला, "आरं, कण्हेरी हाय ही!" मग आईला म्हणाला, "मावशी, आमी काय आजारी हाय व्हय? तापातनं उठलेल्याला देत्यात ही. आमाला दगडं फोडायची हायेत, आमाला भाकरी लागती." गडी फिदीफिदी हसले. दगडूनं वाटगं अदबीनं ओट्यावर ठेवलं, हात जोडले आणि निघून गेला. त्याच्या मनात अपमान करायचा नव्हता हे मला तेव्हाही कळत होतं. पण वाटगं भरलेलं परत आलं होतं. आमच्या दारात असं आधी कधी घडलं नव्हतं.

आई दिवसभर भांडी आपटत होती. "आमी काय जल्मभर आजारी हाव? माज्या बापानं ह्याच पेजेवर खाचरं बांधली. आन नाव तरी काय ठेवलंन, कण्हेरी! पेजेला पेज म्हनायला याची जीभ झिजते?" संध्याकाळी ती चुलीपुढं उभी राहिली, हात धुतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "याच्याच तोंडानं मागवीन. पेज म्हून मागंल, कण्हेरी म्हून नाय."

वडील सुपारी कातरत होते. ते चिडवायला म्हणाले, "आन नाय मागितली तं?"

"नाय मागितली तं मी पेज सोडली!"

वडिलांचा अडकित्ता हातातच राहिला. आई बोलली की बोलली, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ती टोपभर पेज रांधायची, धार बघायची, सगळ्यांना वाढायची आणि स्वतः बाजूला बसून भाकरीचा तुकडा मोडायची. तोही पारूवहिनीनं केलेल्या बाजरीच्या भाकरीचा, कारण पेज नसेल तर तांदूळच नको असा तिचा हट्ट. नव्या तांदळाची पेज वर्षातून एकदाच येते. पुढे तांदूळ जुना होतो, चव बदलते. आईचा तो मोसम डोळ्यांदेखत निघून चालला होता. पहिलं वाटगं आता भाऊ घ्यायचा आणि ते घेताना त्याचं तोंड असं व्हायचं की जणू चोरी करतोय. आई मात्र वरून ऐट दाखवायची, "बाजरी बरी लागते हो!" आणि पाण्याच्या घोटाबरोबर ती ढकलायची. वहिनी खाली मान घालून भाकऱ्या थापायची. अपमान करणारे तिच्या माहेरचे, ज्यांचा झाला ते तिच्या सासरचे. तिच्या मनाची ओढाताण मला दिसायची आणि वाईट वाटायचं.

इकडे दगडूच्या माणसांची वेगळीच गत होऊ लागली. घाटावर थंडीत बाजरी मानवते. आमच्याकडे पहाटे गारवा असला तरी दुपारी दगडाच्या खाणीत अंग भाजून निघतं. वर बाजरी, वर मिरचीचा ठेचा. एकेकाची तोंडं आली. जिभेवर फोड, ओठांना चिरा, कुणाला धड बोलता येईना. दगडूचं तर तोंड इतकं आलं होतं की मिशी पिळायलाही ओठ दुखायचे. त्या कामावर आमचे गणूकाका बैलगाडीनं नदीतली वाळू पोचवायचे. त्यांना दया आली. ते दगडूला म्हणाले, "येड्या, सकालच्या पारी पेज पी. पोटभर पी. चार दिसांत थंड पडशील."

दगडूनं ऐकलं. मनापासून ऐकलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो सगळ्या गड्यांना घेऊन नदीवर गेला आणि पेज प्यायला.

म्हणजे नदी प्यायला! त्याच्या लेखी पेज म्हणजे नदी. आल्या दिवशी त्यानं नाव विचारून घेतलं होतं. आमच्या जेवणाला तर तो कण्हेरी म्हणत होता. ओंजळी भरभरून, म्हशी बसतात त्याच्या जरा वरच्या अंगाला, ती सगळी पागोटी रांगेनं वाकून पाणी पीत होती. दोन दिवस, तीन दिवस. एक गडी दुसऱ्याला विचारी, "कसं वाटतंय?" दुसरा पोटावर हात ठेवून म्हणे, "जरा थंड पडल्यासारखं वाटतंय खरं." माणसाचा विश्वास ही अजब चीज आहे.

हे पाहिलं पारूवहिनीनं. ती धुणं घेऊन नदीवर गेली होती. आधी तिला वाटलं, काही नवस असेल. मग तिनं आपल्या बोलीतला माणूस बघून विचारलं, "दादा, रोज सकाळी ह्ये काय चाललंय?" दगडूनं फुगल्या ओठांनी सांगितलं की पेज पितोय, औषध म्हणून. वहिनी तिथंच धुण्याच्या दगडावर बसली आणि पदर तोंडात कोंबून हसत सुटली. हसू ओसरल्यावर ती त्याला म्हणाली, "ती ही न्हवं. तुमी जिला कण्हेरी म्हनून परत केली, ती पेज."

दगडू ओशाळला. म्हणाला, "मग तूच आन की बहिनी, वाटीभर."

आणि वहिनी नाही म्हणाली. माझ्या मते त्या मोसमातलं सगळ्यात शहाणपणाचं काम ते. ती म्हणाली, "मी न्हाई आननार. आमच्या आत्याबाईंनी तुमच्यापायी पेज सोडलीया. दारात जाऊन मागा. आन कण्हेरी म्हनू नगा, न्हाईतर मला माहेरी धाडतील."

घरी येऊन तिनं नदीची हकीकत सांगितली तेव्हा आई हसून हसून ओट्यावर आडवी झाली. मग एकदम उठून बसली. "म्हंजे नदीला पेज म्हनतो मेला, आन माज्या पेजेला कण्हेरी!" पण दगडूला दारात मागायला सांगितलं आहे हे वहिनीनं तिला सांगितलं नाही. आम्हा सगळ्यांनाही गप्प राहायला सांगितलं. मागणं त्याचं असायला हवं होतं आणि देणं आईचं, मधे कुणी नको.

ती सकाळ मी जन्मात विसरणार नाही. मला कर्जतला जायची घाई होती, तरी मी ओट्याशी वहाणा शोधत बसलो. वहाणा पायातच होत्या. भाऊ गोठ्याच्या दारात उभा. वडील तंबाखू मळता मळता थांबले होते. वाटेवरून दगडू आला, फेटा नीट बांधलेला, तोंडावर उपरण्याचा शेव धरलेला, मागे त्याची माणसं. अंगणात आला आणि उभा राहिला. आईनं त्याला पाहिलं. ती टोपाजवळ बसली होती, हातात ओगराळं. ती पेज ढवळत राहिली.

"मावशी," दगडू म्हणाला. ओठ जुळेनात. "फेज हाय का?"

"काय म्हनलास?"

दगडूनं उपरणं खाली घेतलं. चिरा पडलेले ओठ त्यानं जिभेनं ओले केले, वेदनेनं डोळे मिटले आणि अंगणभर ऐकू जाईल असं म्हणाला, "पेज! पेज हाय का, मावशी?"

मला वाटलं, आता आई त्याला सोलून काढणार. इतक्या दिवसांत तिनं काय काय ठरवून ठेवलं होतं ते मला माहीत होतं. पाट्यावर वाटताना ती ते पुटपुटायची. पण ती नुसती म्हणाली, "हाय तं. बस. गरम हाय, फुंकून घे."

तिनं पळसाच्या पानांचे द्रोण मांडायला लावले. सगळ्यांना बसवलं. कण्या मऊ, वर दाटसर पाणी, मीठ, बाकी काही नाही. आलेल्या तोंडाला बोंबील झोंबला असता. दगडूनं पहिला घोट घेतला आणि तोंडातच धरून ठेवला. त्याच्या गालावरची ताणलेली शीर सैल पडलेली मी पाहिली. त्यानं घोट गिळला. द्रोण पुन्हा पुढे केला. तेव्हा आईनं स्वतःचं वाटगं काढलं, भरलं आणि सगळ्यांसमोर ओठाला लावलं. इतक्या दिवसांनी. तिनं ते एका दमात संपवलं, खाली ठेवलं आणि म्हणाली, "मीठ वाईच कमी पडलंय." मीठ मुळीच कमी पडलेलं नव्हतं.

माणसं कामावर गेली. शेवटचा फेटा वळणाआड गेला मात्र, आईनं ओगराळं टाकलं, पारूवहिनीचे दोन्ही हात धरले आणि अंगणात फुगडी घातली. चाळिशी ओलांडलेली माझी आई आणि तिची सून, गरागरा, केस सुटेपर्यंत! कोंबड्या सैरावैरा पळाल्या. वडील ओरडले, "आगं, पडशील!" ती फिरता फिरता ओरडली, "आज कोन पाडतोय मला!" मी टाळ्या वाजवल्या. तो आनंद आत्ता लिहितानाही माझ्या हाताला जाणवतो आहे. कुणाचं राज्य जिंकलं नव्हतं आम्ही, पण त्या दिवशी राजा जरी दारावरून गेला असता तरी आईनं त्याला आधी रांगेत बसवलं असतं.

त्यानंतर काय विचारता! तोंडं बरी झाली तरी माणसं येत राहिली. दगडफोडे आले, मग सुतार आले, मग लोहारकाम करणारे आले. टोप पुरेना, शेजारून हंडे आले, शेजारणी आपापल्या कण्या घेऊन आल्या. दगडू प्रामाणिक माणूस; एवढं फुकट खाणं त्याला बरं वाटेना. त्यानं पैशांची गोष्ट काढली तशी आई भडकली. "पेज इकू? माजी आय वर बसून बघतेय!" दगडूही हट्टी, म्हणाला, मग आम्ही उद्यापासून येणार नाही. पुन्हा वाकडं होतं की काय असं वाटलं. तेव्हा पारूवहिनी पुढे झाली. म्हणाली, "आत्याबाई, पेजंचं नगा घेऊ. पेज तुमची, तिला मोल न्हाई. पर तोंडीलावनं माजं. त्याचं मी घेनार."

आईला यात खोट काढता येईना. पेज आमची, पण बोंबील बाजारातून येतो, मिरची बाजारातून येते. बाजारातून आलेल्या वस्तूला मोल असायला हरकत काय? दुसऱ्या दिवसापासून ओट्याच्या एका टोकाला आई पेज वाढायची आणि दुसऱ्या टोकाला वहिनी पाटा घेऊन बसायची. भाजलेला बोंबील, सुकटीची चटणी, आणि हिरव्या मिरचीचा तिच्या माहेरचा ठेचा. पेजेला ठेचा! वाडीतली म्हातारी माणसं ऐकूनच तोंड वाकडं करायची. मग एकेकानं चाखून पाहिला. मऊ, गोडसर, गरम घोट आणि मागून त्या ठेच्याचा चटका, पुन्हा घोट, पुन्हा चटका. आज आमच्या पट्ट्यात कुठल्याही ओट्यावर पेजेबरोबर ठेचा समोर येतो, आणि तो आमच्या घरातून निघाला हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. कुणाला वाद घालायचा असेल त्यानं घरी यावं, मी मोकळाच असतो.

वीजघर उभं राहिलं. डोंगरावरून पाणी नळांतून खाली आलं, दिवे लागले, माणसं पांगली. काम करून मोकळं झालेलं ते पाणी आमच्या नदीत सोडतात, त्यामुळं पूर्वी उन्हाळ्यात खडखडीत व्हायची ती पेज आता बारा महिने वाहते. लोक विजेचं कौतुक करतात. करावंच, मीही रात्री तिच्याच उजेडात वाचतो. पण तो हिवाळा मला दिव्यांसाठी आठवत नाही. आठवतात ते अंगणात पडलेले ओले द्रोण, दगडाच्या धुळीनं पांढऱ्या झालेल्या पापण्या आणि "मावशी, आनिक वाईच" असे कितीतरी आवाज.

हे सगळं ऐकून पुण्याचे स्नेही म्हणाले, "म्हणजे तुमच्या मातोश्री जिंकल्या." मी म्हटलं, थांबा. त्या सकाळी त्या जिंकल्या, पण एका दुखऱ्या तोंडाच्या माणसाकडून. त्यात अडचणीचा भाग होता आणि आईला ते आतून ठाऊक होतं. वाडीतल्या बायकांत मी तिला एकदा बोलताना ऐकलं होतं, "तोंड आलंवतं म्हून मागितलंन. नायतं कशाला मागतोय?" ती सल तिच्या मनात होतीच. तिचा खरा विजय नंतर झाला.

माणसं पांगली त्याच्या पुढच्या मार्गशीर्षात, कापण्या उरकल्यावर, एक बाई वाट विचारत आमच्या दारात आली. नऊवारी घाटावरच्या पद्धतीनं नेसलेली, डोक्यावर बाजरीचं बोचकं, पाय धुळीनं भरलेले. ओट्याशी बोचकं उतरवून तिनं विचारलं, "पेजवाल्या मावशी हितंच ऱ्हात्यात का?"

ती दगडूची बायको. घाटावरून खाली, आमच्या दारापर्यंत एवढ्यासाठी आली होती. आईला म्हणाली, "तुमी काय करून धाडलंत आमच्या मालकास्नी? अंगानं धडधाकट हायती, तोंड बरं, पोट बरं. आन सकाळी भाकरी पुढं ठेवली की म्हनत्यात, पेज न्हाई का? मी कण्हेरी करून दिली तर म्हनले, ही कण्हेरी हाय, पेज न्हवं. आता वर्स होत आलं. मला शिकवा बया, न्हाईतर घरात ऱ्हानं अवघड झालंय."

आईनं तिला पाय धुवायला पाणी दिलं. मग तिनं जे केलं त्यानं आमची वाडी गोळा झाली. ती ओट्याच्या कडेला उभी राहिली आणि नदीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "अगं येसू, अगं ताराय, इकडं या गं! घाटावरनं बाय आलेय, पेज शिकायला!"

आईनं तिला चुलीपुढं स्वतःच्या पाटावर बसवलं. कण्या पाखडून दाखवल्या, पाण्याला आधण कसं आणायचं, जाळ कधी ओढायचा, धार कशी बघायची ते सांगितलं. बायका दारात गर्दी करून उभ्या होत्या. मी खांबाला टेकून बघत होतो. वहिनी कौतुकानं आपल्या मुलखातल्या बाईकडे पाहत होती. आईचा चेहरा चुलीच्या उजेडात लालबुंद झाला होता आणि त्यावर असं समाधान होतं की मला एकाएकी रडू आलं.

सगळं लक्षात ठेवून झाल्यावर ती बाई म्हणाली, "समदं कळलं, मावशी. पर कण्यांना पानी किती घालायचं, त्ये न्हाई सांगितलंत."

आई तिच्याकडे वळली. या प्रश्नाचं तिला खरंच नवल वाटलेलं दिसत होतं.

"ते हितं बसून कसं सांगू गं?" ती म्हणाली. "आधी दारात जायचं. वाटेवर कितीजन हायेत ते बगायचं, आन मग पानी घालायचं."